पायातलं गिऱ्हाईक

मास्तरांनी नवे बूट दारातच काढले आणि कुणी बघायच्या आत कपाटाखाली सरकवले. पण बायकोपासून काही लपवणं त्यांना लग्नाच्या दिवसापासून जमलेलं नव्हतं.

"बूट घेतलेत?"

"घेतले. अगदी मातीमोल भावात. चामडं बघ, कसं लोण्यासारखं आहे."

"कुठून?"

"पुलापलीकडे एक घर रिकामं करत होते. कपाटं, भांडी, कपडे, सगळं अंगणात मांडलेलं. हे एका कोपऱ्यात पडले होते. कुणाचं लक्षच नव्हतं."

"आणि घालून बघितलेत?"

मास्तर पंख्याचं बटण शोधू लागले. ते शिंपी होते, आणि साधेसुधे नव्हे. उभ्या जन्मात त्यांनी गळ्यात टेप अडकवली नव्हती. गिऱ्हाईक दुकानात शिरलं, की त्याच्याकडे एकदा वरून खाली बघायचं, "परवा या" म्हणायचं आणि कापडाला कात्री लावायची. गिऱ्हाइकाचं पोट जेवणाआधी किती आणि जेवणानंतर किती हेही त्यांना म्हणे कळायचं. असा माणूस बूट पायात घालून बघेल? विकणाऱ्याने तसं सुचवलंसुद्धा होतं. त्यावर मास्तर त्याला म्हणाले होते, "मी माणसं डोळ्यांनी मोजतो बाबा, बूट काय चीज आहे!" आणि पैसे मोजून बूट चढवले, तर पुलावर येईपर्यंत उजवा बूट चावायला लागला होता, डाव्यात पाऊल खुळखुळत होतं.

परत द्यायला काय हरकत होती? काहीच नाही. पण त्यासाठी माप चुकलं हे कबूल करावं लागलं असतं, आणि तेवढं सोडून मास्तर काहीही कबूल करायला तयार होते. कारण दुकानात त्यांचा मुलगा टेप गळ्यात घालून टपून बसला होता. गेल्या महिन्यात एका सदऱ्याची बाही आखूड झाली तेव्हाच त्याने स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, तुमची नजर गेली. आणखी एक कपडा बिघडला तर कात्री माझ्याकडे. तुम्ही काज-बटणाला बसा." काज-बटणाला! ज्या हाताखाली पंचक्रोशीतले कारागीर तयार झाले, त्या हाताने आता काजं करायची? बूट चुकले म्हणजे नजर चुकली, आणि नजर चुकली म्हणजे कात्री गेली.

"घालून कशाला बघायचे? मापाचेच आहेत," मास्तर म्हणाले आणि बूट चढवून खोलीत एक फेरी मारून दाखवली.

"लंगडताय."

"नवं चामडं आहे."

"जुने आहेत ना?"

"मला नवं आहे," मास्तर म्हणाले आणि विषय संपवला.

दुसऱ्या दिवशी ते बूट घालूनच दुकानात गेले. सकाळभर डोळ्यांत पाणी येत होतं. दुपारी रस्ता सामसूम झाला, मुलगा जेवायला घरी गेला, मास्तर एकटेच टेबलापाशी उभे होते, आणि एकाएकी त्यांच्या लक्षात आलं की बूट चावायचे थांबलेत. बूट ढिले झाले नव्हते. मास्तरच वेगळे उभे होते. उजवा खांदा खाली गेला होता, भार डाव्या पायावर आला होता, मान थोडी पुढे झुकली होती. असं ते कधीच उभे राहत नसत. पण या पायांना तीच सवय असल्यासारखं वाटत होतं. ते ताठ झाले की बूट कचकन चावायचा, पुन्हा वाकले की सोडायचा. शेवटी मास्तर वाकले. बुटांशी कोण वाद घालणार?

त्या दुपारी त्यांनी औषधवाल्याची पॅन्ट कापली. कात्री कशी सरसर चालली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मुख्याध्यापकांचा कोट कापला आणि तिसऱ्या दिवशी दंतवैद्याचा शर्ट. इतका सुरेख हात त्यांचा कित्येक वर्षांत चालला नव्हता.

औषधवाला पॅन्ट घालून पडद्याबाहेर आला. "मास्तर, माझा एक पाय कुठे गहाण टाकलात का?"

पॅन्टचा उजवा पाय चांगला बोटभर आखूड होता. मुलाने पॅन्ट खुंटीला अडकवली आणि टेप हातात घेतली. मग मुख्याध्यापकांच्या कोटाचा उजवा खांदा उतरला. दंतवैद्याची मान चांगली भरदार, तर शर्टाची कॉलर एखाद्या काटकुळ्या माणसाच्या गळ्याची. तेही कपडे परत आले.

संध्याकाळी मुलाने दुकानाचं दार लोटून घेतलं. शर्ट, त्यावर कोट, खाली पॅन्ट असं त्याने एकाच हँगरला अडकवलं आणि दोन पावलं मागे सरकला. मग आणखी एक पाऊल मागे सरकला.

"बाबा, इकडे या."

मास्तर आले. हँगरवर एक माणूस उभा होता. उंच, काटकुळा, उजव्या अंगाला झुकलेला, मान थोडी पुढे काढून काहीतरी ऐकत असल्यासारखा. फक्त त्याला डोकं आणि पाय नव्हते.

"चुकीचे कपडे मी पुष्कळ बघितलेत," मुलगा हळू आवाजात म्हणाला, "पण चुका एकमेकींना अशा ओळखत नाहीत. तीन कपडे, तीन गिऱ्हाइकं, आणि तिन्ही चुका एकाच माणसाच्या मापाच्या. हा आहे कोण?"

मास्तरांनी खाली पाहिलं. मुलानेही खाली पाहिलं. उजव्या बुटाची टाच आतून झिजलेली होती.

"बूट माझ्या मापाचे नाहीत," मास्तर म्हणाले. हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं. "पाऊल कळलं की मला माणूस कळतो रे. तो पायात होता, मी त्याचं माप घेत बसलो. समोर कोण उभं आहे ते दिसेनाच."

मुलाला थोडी भीती वाटली होती, पण रागही आला होता, आणि रागाला तोंड लवकर फुटतं. "म्हणजे नजर गेली ती गेलीच. उद्यापासून टेबल माझं."

मास्तरांनी कात्री त्याच्यापुढे ठेवली. फार वाईट वाटलं त्यांना. रडूच यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कोपऱ्यात बसून बटणं लावत होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दार वाजलं नाही, पायरी वाजली नाही, पण मुलाने मान वर केली तेव्हा समोर एक माणूस उभा होता. उंच, काटकुळा. अंगाभोवती चादर, पाय अनवाणी.

"या, या," मुलगा सवयीने म्हणाला आणि टेप सोडवली. "माप घेतो."

"माप तर दिलंय," तो माणूस नम्रपणे म्हणाला. "कपडे झालेत का तेवढं बघायला आलो."

मास्तरांच्या बोटात सुई गेली. ते उठले, हँगर काढला आणि त्याच्या हातात दिला. तो पडद्याआड गेला. पडदा हलला नाही. थोड्या वेळाने तो बाहेर आला आणि मुलाच्या हातातली टेप खाली पडली. कोटाचा खांदा खांद्यावर बसला होता. कॉलर गळ्याला बेताची. पॅन्टचे दोन्ही पाय घोट्यावर एका रेषेत आले होते. मुलाने टेप उचलून चारी बाजूंनी फिरून पाहिलं, कुठे चूक म्हणून सापडेना. मनगटाशी बाही तपासताना त्याचा हात लागला, तो त्याने झटकन मागे घेतला आणि पॅन्टला पुसला.

"गार आहे," तो पुटपुटला.

"हो, तिकडे गारवाच असतो," तो माणूस म्हणाला आणि आरशात बघून खूश झाला. "मी नव्हतो काही दिवस. तेवढ्यात घरच्यांनी सगळं विकून टाकलं. लोकांना धीर म्हणून नसतो हो."

एव्हाना मास्तरांनी बूट काढून त्याच्यापुढे ठेवले होते. त्याने खाली न बघताच त्यात पाय सरकवले. मास्तरांच्या पायात टक-फटक करत चालणारे ते बूट आता मांजरीच्या पावलांनी दाराकडे निघाले.

उंबऱ्यावर तो थांबला. "काम फार छान केलंत. आमच्याकडे पुष्कळ जण आहेत, पण निघताना घाईघाईत कुणी काहीबाही अंगावर चढवलेलं. एकाचंही नीट बसत नाही. त्यांना सांगतो तुमचं नाव."

"पत्ता लिहून घेऊ का?" मुलाने विचारलं. धंद्याची सवय, दुसरं काय!

"येतील ना आपले आपण," तो म्हणाला. "आता घाई कुणालाच नाही."

तो गेल्यावर मुलाने कात्री उचलली आणि मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"नजर बरोबर होती," तो म्हणाला. "गिऱ्हाईकच उशिरा आलं."

मास्तर अनवाणी घरी आले. बायको दारातच उभी होती.

"बूट कुठायत?"

"ज्याचे त्याला दिले."

"बसत नव्हते ना?"

"नव्हते," मास्तर म्हणाले. त्या रात्री ते गाढ झोपले. कात्री परत मिळाली होती, बाकी काय झालं त्याचा विचार करायचा नाही असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

सकाळी मुलगा मास्तरांबरोबर दुकान उघडायला आला आणि रस्त्यातच थबकला. पायरीवर बूट होते. त्याशेजारी चपला होत्या. मग पुन्हा बूट, जुने, नवे, एकाची नाडी तुटलेली, आणि सगळ्यांत पुढे एक जोड बाईचा, उंच टाचांचा. रांग पायरीवरून खाली उतरून भिंतीच्या कडेने कोपऱ्यापर्यंत गेली होती. सगळ्यांची तोंडं दुकानाकडे होती, आणि कुणीही कुणाला ढकलत नव्हतं.

"चल, घरी जाऊ," मास्तर म्हणाले. "आज बंद ठेवू. आणि मला बायकांचं शिवताही येत नाही."

मुलाने शटर वर केलं, गळ्यातली टेप काढली, खणात ठेवली आणि खण बंद केला. स्टूल पुसून मास्तरांपुढे ठेवलं. मग बाहेर जाऊन रांगेतला पहिला जोड अदबीने दोन्ही हातांत धरून आत आणला. तो नेमका उंच टाचांचा निघाला.

"बाबा, घालून बघा," तो कुजबुजला. "गिऱ्हाईक ताटकळलंय."

मास्तरांनी रस्त्याकडे पाहिलं, टेबलावरच्या कात्रीकडे पाहिलं आणि मुकाट्याने स्टुलावर बसून उजवा पाय पुढे केला.