देवीच्या मुकुटाची चोरी आणि धोंडीराम कासाराची अटक

श्रीआदिशक्तीचे चरण स्मरून, मान खाली घालून ही हकीकत लिहिली असे. शके १९३७ मन्मथनाम संवत्सरीं राज्यात देवीचा मुकुट चोरीस गेला आणि गाभाऱ्याच्या काचेवर अंगठ्याचा अर्धा ठसा राहिला. पूर्वी या राज्यात ठसे भिंगाखाली पाहत, डोळे दुखून येत, परंतु दोघे तज्ज्ञ वेगळ्या खोल्यांत बसत आणि एकमेकांचे मत शेवटीच ऐकत. मग संगणक आणविला. त्याच्या पोटी लक्षावधी ठसे, आणि त्यांतले सर्वांत जवळचे नाव तो वर काढी. चोराचा ठसा पोटी नसला तरी कोणाचे तरी नाव काढीच. त्याने धोंडीराम कासाराचे नाव काढिले, कारण जत्रेतल्या मारामारीपायी त्याचे ठसे पूर्वी घेतले होते. मग मुख्य तज्ज्ञ दिगंबरपंतांनी आधी नाव पाहिले, मग ठसा पाहिला आणि शिक्का केला. मग दुसरे मत द्यावयास त्यांच्याच शिष्या कुमुदिनीबाई आल्या आणि म्हणाल्या, "पंत, इथे रेघ दुभंगते. कासाराची सरळ जाते."

पंत हसून वदले, "काच पुसट आहे हो! यंत्र म्हणतं, मी म्हणतो, आता तुम्हीच राहिलात. की तुम्हाला भिंग धरायला शिकवलं ते फुकट गेलं?"

बाईंस गुरूची भीड पडली आणि त्यांनी शिक्का उठविला. दरबारास कळविले की तिघांचे एकमत जाहले. नीट पाहिले होते एकीनेच, आणि ती गप्प बसली.

कासार कैदेत गेला. पुढे वर्षाने शेजारच्या राज्यात खरा चोर मुकुटासह सापडला, आणि त्याच्या अंगठ्याची रेघ तेथेच दुभंगत होती. मग कासारास सोडिले. परंतु बांगड्या भरावयास एकही बाई त्याच्या हाती हात देईना. पंतांनी शाल धाडिली, आपण गेले नाहीत. बाई मात्र भर बाजारी त्याच्या दुकानी जाऊन बसल्या आणि हात पुढे केला.

"धोंडीरामदादा, चुकलं आमचं. बांगड्या भरा."

"त्या दिवशी तुम्हाला दिसलं होतं का, बाई?"

"दिसलं होतं."

मग कासाराने हिरव्या बांगड्या त्यांच्यापुढे सारिल्या आणि म्हणाला, "मग तुमच्या तुम्हीच भरा."

आणि कासारापुढे बसून बाईंनी आपल्या हाताने बांगड्या चढविल्या, आणि बाजार पाहत राहिला.

हकीकत इतकीच. मुकुट देवीस पावला, यंत्र चालू आहे, कासाराचे दुकान मोडले. लाजेस्तव पुढे लिहवत नाही.