सरावलीला उतरणाऱ्या कुमुदताई

आमच्या कुमुदताई राहायच्या कैनाडला आणि रोज उतरायच्या सरावलीला. उरलेली वाट पायी. उन्हात, पावसात, पायाला कुरूप झालं तेव्हासुद्धा. कोणी विचारलंच तर म्हणायच्या, "आपलं ते, व्यायाम होतो."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. ताई बोलताना अडखळायच्या आणि 'क' आला की अडकूनच बसायच्या. डहाणू रोडला शेअर रिक्षावाला "कुठे?" विचारायचा. सरावली तोंडातून सुटायचं, कैनाड काही सुटायचं नाही.

ऑफिसात आवक-जावकचं टेबल त्यांचं. तिथे कात्रीला 'ती दोन पात्यांची' म्हणत आणि काशिनाथ शिपायाला 'अहो, इकडे'. कांदाभजी म्हणजे जीव की प्राण, पण मागवत बटाटावडा. आम्ही हसायचो. मला वाटायचं, आपण प्रेमानेच हसतोय.

मी त्याच रिक्षाने पुढे जायचे. एकदा आगाऊपणे मीच सांगून टाकलं, "ताईंना कैनाडला सोडा." बाई तरीही सरावलीलाच उतरल्या. दोन दिवस माझ्याशी अबोला. मग एवढंच म्हणाल्या, "बघायला आले होते ना मला, तेव्हा नाव विचारलं. मी सांगतच होते. मामांनी सांगून टाकलं."

ती मंडळी परत आली नाहीत. त्यानंतर ताई कोणासमोर पाटावर बसल्याच नाहीत.

२०१७ सालची गोष्ट. शाळेच्या ड्रेसमधली नऊ-दहा वर्षांची एक मुलगी रिक्षात चढली. कैनाडच्याच पाड्यावरची. एरवी आजोबांबरोबर असायची, त्या दिवशी एकटीच होती.

"कुठे गं? बोल पटकन, टाइम नाय."

"क... क... क..."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलीने मान खाली घातली. "स... सरावली."

मी तोंड उघडणार, तोच ताईंनी माझा हात दाबला आणि स्वतः सुरुवात केली. "क... क..." रिक्षावाल्याने वळून पाहिलं. ताईंनी डोळे घट्ट मिटले होते, मानेची शीर तट्ट फुगली होती. मला ते बघवेना.

"क... कैनाड. आम्ही दोघी."

त्या दिवशी रिक्षा सरावलीला थांबली नाही.

कैनाडला दोघी उतरल्या. ताईंनी मुलीला नाव विचारलं. पहिलंच अक्षर अडलं. रिक्षा सुटली तशी मी मागे वळून बघत राहिले. ताईंसाठी असं कधी कोणी थांबलं नव्हतं. मीसुद्धा नाही. मुलगी अजून नाव सांगत होती, आणि ताई तिच्यासमोर उन्हात गप्प उभ्या होत्या.