निरंक कोण?

“उतारा वाचायला वकील कशाला? शाळेत उताऱ्याखालच्या प्रश्नांना मला पैकीच्या पैकी मार्क असायचे!” नवऱ्यानं असं जाहीर केलं, तेव्हाच सूनबाईनं कपाळाला हात लावला. अख्खी बिल्डिंग त्यांना ‘कायदेपंडित’ म्हणायची, आणि त्यांना ते कौतुक वाटायचं!

घर विकायची घाई होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि सासूबाईंचे गुडघे म्हणजे गंजलेल्या बिजागऱ्या. त्यांच्यासाठी याच बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं एक घर हेरून ठेवलं होतं, पण हे विकल्याशिवाय ते घेणार कुठून? हे घर घेऊ पाहणाऱ्या दातांच्या डॉक्टरीणबाई आज कागद बघायला येणार होत्या.

पंडितांनी नोंदणी कार्यालयातून आणलेला घराचा उतारा उघडला, आणि मटकन खुर्चीत बसले.

“अगं, मेलो! घरावर कुणीतरी निरंक बसलाय!”

“कोण?”

“निरंक! हे बघ. बोजा : निरंक. इतर हक्क : निरंक. न्यायालयीन वाद : निरंक. मेल्यानं एक रकाना सोडला नाही!”

“आडनाव काय?”

“लावलेलंच नाही. त्यातच सगळं आलं!” त्यांनी आवाज खाली आणला. “बाबा सारखे फिरतीवर जायचे, आठवतंय?”

“अहो! मामंजींबद्दल बोलताय! जीभ कशी रेटते?”

सासूबाईंचे गुडघे गेले होते, कान नाही.

“मग बसलास काय धोंड्यासारखा?” आतून आवाज आला. “शोध त्याला!”

“आई, तुला वाईट…”

“त्याचं मी वर गेल्यावर यांच्याशी बघून घेईन. चांगली खरडपट्टी काढीन! पण पोराचा काय दोष? त्याचा हक्क त्याला द्या. मी राहीन इथेच, तिसऱ्या मजल्यावर. मला कुठे धावायचंय?”

सूनबाई बघतच राहिली. नणंदेला कपाटातला एक खण द्यायचा तर तिनं स्वतः आठवडाभर तोंड फुगवलं होतं. आणि या बाईनं बसल्या जागी अख्खा माणूस घरात घेतला!

तेवढ्यात बेल वाजली, आणि सासूबाईही भिंत धरत बाहेर आल्या. डॉक्टरीणबाईंनी उताऱ्यावरून नजर फिरवली आणि त्यांचा चेहरा खुलला.

“वा! निरंक! हेच हवं होतं मला.”

“तुम्ही ओळखता त्याला?” पंडित ताडकन उठले.

“निरंक असल्याशिवाय मी घर घेतच नाही!”

“म्हणजे… घराबरोबर तोही?”

“बाई,” सासूबाई हळूच म्हणाल्या, “मुलगा स्वभावानं कसा आहे हो? यांच्यासारखा तापट नाही ना?”

डॉक्टरीणबाईंनी तिघांची तोंडं आळीपाळीनं न्याहाळली, किडका दात नेमका कुठला ते शोधावं तशी.

“अहो, निरंक म्हणजे काही नाही! शून्य! कर्ज नाही, दावेदार नाही, भांडण नाही. इतकं स्वच्छ घर शोधून सापडायचं नाही!”

सासूबाई भिंतीवरच्या मामंजींच्या फोटोकडे बघत राहिल्या.

“लोकं मागे कायकाय ठेवून जातात,” त्या डोळे टिपत म्हणाल्या. “यांनी माझ्यासाठी निरंक ठेवलं.” मग मुलाकडे वळून, “आणि तू रे? अकलेच्या रकान्यात काय लिहायचं तुझ्या?”

घर विकलं गेलं. सासूबाई तळमजल्यावर आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी आपल्या पायांनी फाटकापर्यंत जाऊन आल्या. पंडित नव्या दारावर पाटी ठोकत होते, इतक्यात मागून हाक आली,

“निरंकराव आहेत का घरात?”

सूनबाईनं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नव्हतं हो! फक्त शेजारणीला. तेही शपथ घालून!