जगते ना शेवटी?

टिपणीसकाका कुठलंही पुस्तक उघडतात ते शेवटच्या पानावर. आपलं माणूस जिवंत आहे याची खात्री करून घेतात, हुश्श करतात आणि मगच पहिल्या पानाकडे वळतात.

उभा जन्म करोलबागेत काढून निवृत्तीनंतर ते नोएडात, आमच्या नव्याकोऱ्या सोसायटीत वरच्या मजल्यावर आले. इथे लिफ्ट बसली आहे, तिला वीज यायची आहे. मी पुण्याहून नोकरीसाठी आलेली. राजे-राण्या-ड्रॅगनवाल्या जाडजूड कादंबऱ्या मीच त्यांना देते आणि डोक्याला ताप करून घेते. सकाळी ऑफिसला निघाले की जिन्यात गाठतात.

"तो म्हातारा राजा जगतो ना शेवटी?"

"काका, शेवटचं पान वाचलंत ना?"

"वाचलं गं! त्यात त्याचं नावच नाही. टेन्शन आलंय यार."

पुस्तकाच्या सुरुवातीला नकाशा दिसला की यांचा चेहरा पडतो. "नकाशा दिलाय म्हणजे माणसं मरणार, बिल्कुल मरणार." पुढचा भाग यायचा असला, तर लेखकाच्या तब्येतीचीही काळजी हेच करतात.

"त्यापेक्षा इतिहास बरा," म्हणतात. "सगळे आधीच गेलेले. धक्का नाही."

कसलं काय! पानिपतावरचं प्रत्येक पुस्तक ते लढाईच्या आदल्या रात्रीपाशी मिटून ठेवतात. चंदीगडची बस पानिपतला चहाला थांबली, तर खाली उतरत नाहीत. त्यांच्या बायकोला, सुधाकाकूंना, याची सवय आहे. एकट्या उतरून पराठा खाऊन येतात. "यांचं सैन्य अजून उपाशी आहे ना!" म्हणतात.

परवा सुधाकाकूंच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. मी दांडी मारून हॉस्पिटलात गेले. काका थिएटरबाहेर बसले होते. मांडीवर मी दिलेली नवी कादंबरी, मिटलेली. आत काकूंना नेऊन बराच वेळ झाला होता. कोणी बाहेर येईना. मीच सारखी घड्याळ बघत होते, त्यांना काय धीर देणार, कप्पाळ!

दाराकडे बघतच त्यांनी विचारलं, "यातली राणी... जगते ना शेवटी?"

नाही जगत. शेवटच्या पानावरच मरते.

"जगते काका," मी ठोकून दिलं. "बिल्कुल जगते."

काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "खोटारडी. शेवटचं पान मी कालच वाचलंय."

मग माझी बाही घट्ट धरून म्हणाले, "पण परत एकदा म्हण."