वॉशिंग्टनचं गुळगुळीत नाणं

तीनशे डॉलर. तेवढ्यात वॉशिंग्टन चिकाइसाचं दोन खोल्यांचं आगाऊ भाडं भागलं असतं, वर एक गादी आली असती आणि सहा वर्षांनी सासूच्या घरातून बाहेर पडता आलं असतं.

इक्वेडोरमधल्या अंबातोच्या बाजारात सासूबाई, एर्मेलिंदाबाई, ओर्नादो विकायच्या. म्हणजे भट्टीत भाजलेलं अख्खं डुक्कर. सकाळी वॉशिंग्टन त्यांची डॉलरची नाणी रचत होता. सगळ्यांवर पाठीशी बाळ बांधलेली बाई. एकावर मात्र ज्याच्या नावावरून बापानं त्याचं नाव ठेवलं तो अमेरिकेचा अध्यक्ष. त्यानं नाणं फिरवलं. कड गुळगुळीत! कडेवर अक्षरं उमटवायला टांकसाळ विसरली, तर त्या नाण्याला तीनशे मिळतात, असं त्यानं गेल्याच आठवड्यात मोबाइलवर पाहिलं होतं. त्याचे डोळे चमकले.

"तेवीस आहेत, जावईबापू. मोजलेत मी. हात काढा." आणि सगळी नाणी एप्रनच्या खिशात गेली.

मागावं, तर सासूबाई कारण विचारणार, आणि कारण कळलं की तीनशे त्यांचे. राहिला एकच सभ्य मार्ग. ताट चार डॉलरचं. पाचाची नोट दिली की एक नाणं परत येणारच. खोल्यांसाठी साठवलेल्या पाचाच्या आठ नोटा खिशात होत्या.

"एक ताट द्या, सासूबाई."

"पैसे देऊन?" त्यांच्या हातातली सुरी थबकली.

"धंदा म्हणजे धंदा."

परत आली ती बाळवाली बाई. दुसऱ्या ताटालाही बाई. तिसऱ्या ताटावर सासूबाईंनी कुरकुरीत कातडीचा मोठा तुकडा वरकड घातला. चौथ्याला शेजारची बटाटेवाली उठून बघायला आली.

"नार्सिसा!" सासूबाईंनी मुलीला हाक मारली. "तुझ्या नवऱ्याला घरी खायला घालत नाहीस का गं? बाजारात अब्रू काढतोय माझी!"

"आई, सकाळी चार अंडी खाऊन निघालाय तो!" नार्सिसा नवऱ्याकडे बघतच राहिली. "अहो, बरं वाटतंय ना?"

"आणखी एक," वॉशिंग्टन कण्हला.

पाचव्या ताटाला अध्यक्षमहाराज आले. वॉशिंग्टननं मूठ आवळली आणि पोट धरून तो नाण्यांच्या दुकानाकडे निघाला.

दुकानदार एलॉय विल्यासीस यांनी तपासणीचे तीन डॉलर आधी घेतले, मग भिंग लावलं.

"अक्षरं होती," ते म्हणाले.

"होती म्हणजे?"

"कुणीतरी दगडावर घासून काढलीत. हे ओरखडे बघा. बाजारातल्या बायका घासतात. खोटं असेल तर आतून पांढरं निघतं."

"मग किंमत?"

"एक डॉलर. कुणी घेतला तर."

कुणी घेतला तर, याचा अर्थ औषधाच्या दुकानात कळला. पोटदुखीच्या गोळ्या पुढे ठेवून दुकानदारबाईंनी नाण्याची कड बघितली आणि गोळ्या मागे ओढल्या. "कडेला अक्षरं नाहीत, भाऊ. खोटं आहे. पोलिसांना बोलावू का?"

वॉशिंग्टन बाजारात परतला तेव्हा त्याचा रंग ओल्या राखेसारखा झाला होता. त्यानं नाणं सासूबाईंपुढे ठेवलं.

"हे तुम्ही घासलंत?"

"मीच. बाईचं असतं तर तसंच घेतलं असतं. पुरुषाचं तोंड दिसलं की मी खात्री करून घेते."

"आता हे कुणी घेत नाही."

"मी घेते की. माझ्या ओळखीचं आहे ते." त्यांनी नाणं एप्रनमध्ये टाकलं आणि ओव्याच्या पानांच्या गरम पाण्याचा पेला त्याच्या हातात दिला. "प्या. अर्ध्या डॉलरचं आहे. सुट्टे नाहीत माझ्याकडे. उरलेला अर्धा उद्याच्या ताटात वळता करू."

उद्याच्या ताटाचं नाव ऐकताच वॉशिंग्टन बाजूच्या पोत्यावर मटकन बसला. सासूबाईंचा ऊर मात्र भरून आला होता.

"पाच ताटं, तीही रोख! आणि ही वेडी म्हणते, तुम्हाला वेगळं राहायचंय. मी आत्ताच त्या घरमालकाला निरोप धाडला, खोल्या नकोत म्हणून. माझ्या हातचं सोडून कुठं जाणार तुम्ही!"

त्याच्या चाळीस डॉलरपैकी तीन एलॉयकडे गेले, एकवीस सासूबाईंच्या एप्रनमध्ये. सोळा उरले. आणि खोल्या गेल्या बटाटेवालीच्या जावयाला.