त्यास बिघाड समजू नये

"पसंत आहे," डॉक्टरीणबाई गाडीखालून बाहेर येत म्हणाल्या. "फक्त एक सांगा काका. ही वाटेत अडली तर मी विचारू कोणाला?"

"मला," मिस्त्री म्हणाले. "सगळं इथे आहे." आणि त्यांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं.

"ते कपाळ तर महिनाअखेर लेकीकडे राहायला चाललंय. गाडीबरोबर देणार असाल तर गोष्ट वेगळी." बाईंनी हात पुसले. "लिहून द्या. मला, आणि माझ्यानंतर जो कोणी घेईल त्याला. वही तयार असली तर रविवारी गाडी नेते."

मिस्त्री जन्मभर कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करून निवृत्त झालेले. ही गाडी त्यांनी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये अकरा वर्षं खपून जुळवली होती. पाच मोडक्या गाड्यांचं सामान तिच्यात एकत्र नांदत होतं. सांगाडा एकीचा, इंजिन दुसरीचं, दरवाजे तिसरी-चौथीने वाटून घेतलेले, आणि पाचवीचं नुसतं स्टिअरिंग, पण तोरा सगळ्यांत जास्त त्याचाच. चालायची मात्र अशी, की बघणारा रस्ता सोडून गाडीकडे बघत राही. लेकीच्या इमारतीत सायकल टेकवायलाही जागा नव्हती. डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर, रोज खाचखळग्यांतून हिंडणाऱ्या. त्यांना अशीच गाडी हवी होती. त्यांनी नेली नाही तर दुसरं गिऱ्हाईक एकच, भंगारवाला. तो येऊन गेला होता. गाडीभोवती एक फेरी मारून त्याने फक्त वजनाचा अंदाज घेतला होता, आणि तेव्हापासून मिस्त्रींना अन्न गोड लागत नव्हतं.

वही लिहायला माणूस घरातच होतं. काकूंनी, म्हणजे मिस्त्रींच्या बायकोने, बत्तीस वर्षं एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढली होती. तिथले तीन नियम त्यांनी घरीही आणले होते. खाडाखोड करायची नाही, पान फाडायचं नाही, आणि लिहून झालं की मोठ्याने वाचून खातरजमा करायची.

सोमवारी मिस्त्री सांगायला बसले, काकू लिहायला. मंगळवारी दुपारी तारांपाशी गाडं अडलं.

"ही कुठल्या रंगाची लिहू?"

"पिवळी."

"आणि ही?"

"पिवळी."

"आणि मागची ती जुडी?"

"अगं, पिवळ्या तारेचं अख्खं भेंडोळं हाती लागलं होतं. वाया कशाला घालवायचं?"

काकूंनी एकेचाळीस चिठ्ठ्या कापल्या, एकेका तारेला नंबर बांधला, आणि कुठली कुठून निघून कुठे जाते ते वहीत उतरवलं. मिस्त्री मनातून चाट पडले. वरून म्हणाले, "एवढं काही लागत नाही."

संध्याकाळी खातरजमा झाली. काकूंनी कचेरीतला आवाज लावला.

"कलम सहा. पेट्रोल संपत आले की काटा टाकी भरलेली दाखवतो. त्यास बिघाड समजू नये. कलम सात. डावा दरवाजा बाहेरून उघडत नाही. सबब उजवीकडून शिरून तो आतून उघडावा. कलम आठ. हॉर्न वाजवला असता वायपर एकदा फिरतो. त्यास बिघाड समजू नये."

"असं लिहिलंस?" मिस्त्री खुर्चीत सरसावून बसले.

"तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं. पण ऐकायला कसं वाटतंय बघ."

अकरा वर्षं या गोष्टी गाडीचा स्वभाव म्हणून खपून गेल्या होत्या. कागदावर चढल्याबरोबर त्या गुन्ह्यांसारख्या दिसायला लागल्या. पुढच्या पन्नास वर्षांत ही वही कोण कोण वाचेल, या विचाराने मिस्त्रींना रात्रभर झोप आली नाही.

बुधवारी सकाळी ते नवा काटा बसवून आले. "कलम सहा खोड."

"खोडायचं नसतं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी पहिल्या पानापासून दुसरी वही लिहायला घेतली. ती अर्धी होते न होते तोच मिस्त्रींनी डावा दरवाजा सरळ केला. गुरुवारी हॉर्न आणि वायपर यांची फारकत करून दिली. काम करताना चिठ्ठ्या बोटांत अडकत होत्या, म्हणून त्या कापून केरात टाकल्या. शुक्रवारी तिसरी वही पुरी झाली. तिच्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

"आता सुरू करून दाखवा," काकू म्हणाल्या, "म्हणजे खाली तारीख घालते."

मिस्त्रींनी किल्ली फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही.

पुन्हा फिरवली. बॅटरी तपासली, प्लग पुसले, डॅशबोर्डखाली डोकं घातलं. तिथे सगळं पिवळंच पिवळं. स्वतः बांधलेल्या घरात स्वतःलाच दार सापडू नये, तशी त्यांची गत झाली. दिवस मावळला तेव्हा ते पायरीवर येऊन बसले.

"भंगारवाल्याला निरोप धाडावा लागणार," ते हळूच म्हणाले. "तिसऱ्या वहीत सगळं आहे, फक्त गाडी नाही."

"पहिलीत आहे."

"ती टाकली नाहीस?"

"रेकॉर्ड टाकतात का?"

शनिवारी सकाळी काकू शेडमध्ये पालथ्या बादलीवर वही घेऊन बसल्या. मिस्त्रींचे फक्त पाय गाडीबाहेर दिसत होते.

"तार सात," काकूंनी वाचलं. "स्टार्टरच्या रिलेपासून पेट्रोलच्या काट्यामागच्या लोखंडी पट्टीला."

आत पाना खटखटला. मग आवाज आला. "नव्या काट्याची पट्टी प्लास्टिकची आहे. करंट जाणार कुठून?"

"मग जुना लावा."

"तो उलटं दाखवेल गं."

"दाखवू दे. कलम सहा आहे त्यासाठी."

त्या वाचत गेल्या, ते जोडत गेले. कलम सात आलं तेव्हा डावा दरवाजाही पुन्हा पूर्वीसारखा झाला. मध्येच त्यांनी "मला वाटतं..." अशी सुरुवात केली की काकू पान धरून गप्प बसत, आणि मिस्त्री मुकाट्याने लिहिल्याप्रमाणे करत. जेवायच्या वेळेला त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एका झटक्यात सुरू झाली. हॉर्न वाजला, वायपर फिरला. मिस्त्री काचेकडे बघत राहिले. आपण एवढी चांगली गाडी बनवली होती, हे त्यांना आजवर कोणी वाचून दाखवलं नव्हतं.

रविवारी डॉक्टरीणबाई आल्या. "काका, तुम्ही बोलायचं नाही," असं बजावून त्यांनी वही मांडीवर घेतली, उजवीकडून शिरून डावा दरवाजा उघडला, गाडी सुरू केली आणि चढावरून एक फेरी मारून आल्या.

"अशी गाडी मी चालवली नव्हती," त्या म्हणाल्या. "आणि अशी वहीही वाचली नव्हती. माझे पेशंट बोलत नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी असं लिहून ठेवत असतं तर माझं अर्धं काम झालं असतं." मग त्यांचं लक्ष फळीकडे गेलं. "त्या दोन वह्या कसल्या?"

काकूंनी आठवड्याची हकिकत जशीच्या तशी सांगितली. तेवढा वेळ मिस्त्री पत्र्याला कुठे गंज चढलाय का ते पाहत होते.

डॉक्टरीणबाईंनी वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं. "इथे फोन नंबर लिहून द्या. अडलं तर लागेल."

मिस्त्रींनी चष्मा चढवला, पेन काढलं.

"तुमचा नाही हो काका. काकूंचा."

"गाडी मी बनवलीय," मिस्त्री म्हणाले.

"म्हणूनच. तुम्हाला फोन केला तर तुम्ही दुरुस्त करायला याल."

मिस्त्रींनी थोडा विचार केला. मग पेन बायकोपुढे धरलं. काकूंनी दहा आकडे वळणदार अक्षरात लिहिले आणि मोठ्याने वाचून दाखवले. मिस्त्रींनी एकेका आकड्याला मान डोलावली. सगळे बरोबर होते.