रुईखांबचा तारांकित डॉक्टर

शुक्रवारी दुपारी मच्छिंद्ररावांनी डबा उघडून भाकरीचा पहिला घास मोडला, तोच साहेबांनी त्यांना आत बोलावले. नागपूरला अधिवेशन चालू असले की तालुक्याच्या कचेरीत कुणाचाही डबा वेळेवर संपत नाही, हे मच्छिंद्ररावांना पाठ होते. त्यांनी भाकरी झाकली, हात पुसले आणि पेन घेऊनच केबिनमध्ये गेले.

साहेब म्हणजे गटविकास अधिकारी. जालन्याहून आलेला एक कागद त्यांनी टेबलावर असा दोन बोटांनी सरकवला, की जणू तो गरम होता. तारांकित प्रश्न होता. मंगळवारी मंत्रिमहोदय सभागृहात उभे राहून त्याचे उत्तर देणार होते आणि त्यासाठी लागणारी माहिती उद्या सकाळी अकराच्या आत जालन्याला पोहोचायला हवी होती. प्रश्न असा होता: (१) मौजे रुईखांब येथील पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांचे पद गेल्या दोन वर्षांपासून रिक्त असल्याने पशुपालकांची गैरसोय होत आहे, हे खरे आहे काय, (२) असल्यास, सदर पद भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

"हे त्या गोजरबाईचं काम दिसतंय," साहेब म्हणाले. गोजरबाई रुईखांबच्या ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेल्या सदस्य होत्या. गावात डॉक्टर पाहिजे म्हणून त्यांनी कचेरीला सात अर्ज दिले होते. सातवा अर्ज दिल्यावर त्यांच्या लक्षात आले की कागद इकडे आत जातात, बाहेर येत नाहीत. तेव्हा त्यांनी थेट आमदारांना गाठले होते.

साहेब काळजीत होते, मच्छिंद्रराव नव्हते. त्यांच्या अठरा वर्षांच्या कारकुनीत मंत्री बदलले, पक्ष बदलले, पण तालुक्यातून वर जाणाऱ्या उत्तरांचे अक्षर मच्छिंद्ररावांचेच राहिले. आपण लिहिलेले वाक्य मुंबईला किंवा नागपूरला एखादा मंत्री जसेच्या तसे वाचतो, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. घरीसुद्धा त्यांना तेच वळण लागले होते. पीठ संपले का, असे पत्नी नंदाबाईंनी डब्यात डोकावून विचारले, तर ते पेपरातून मान न काढता "हे अंशतः खरे आहे" म्हणत, आणि दळण आणायला नंदाबाईच जात.

पण या वेळी साहेबांनी जाता जाता एक वाक्य ऐकवले. चुकीची माहिती गेली आणि मंत्री सभागृहात तोंडघशी पडले, तर खाली सही करणारा निलंबित होतो. मागच्याच अधिवेशनात एकाचे तसे झाले होते. हे मात्र मच्छिंद्ररावांना लागले. त्यांच्या मुलीचे, बेबीनंदाचे, लग्न वैशाखात ठरले होते. वरपक्षाने बाकी काही मागितले नव्हते, मुलीचे वडील सरकारी नोकरीत आहेत एवढे पाहून सुपारी फोडली होती. निलंबित वडील चालतील का, असे त्यांना विचारायची वेळ येऊ नये, एवढीच मच्छिंद्ररावांची देवाकडे मागणी होती.

म्हणून त्यांनी काम पक्के करायचे ठरवले. रुईखांबला निरोप धाडला आणि संध्याकाळच्या एसटीने दवाखान्याचा परिचर कचरू रजिस्टर घेऊन हजर झाला. रजिस्टर त्याने धुतलेल्या धोतराच्या फडक्यात बांधून आणले होते.

रजिस्टर पाहून मच्छिंद्ररावांचे डोळे निवले. एकही दिवस कोरा नाही. तारीख, जनावराच्या मालकाचे नाव, आजार, औषध, आणि शेवटच्या रकान्यात 'उपचार करणाऱ्याचे नाव' या मथळ्याखाली रोज नेमाने डॉक्टरांचे नाव. दोन वर्षांत सहा हजार तीनशे सोळा जनावरे. इतके देखणे दप्तर त्यांनी उभ्या नोकरीत पाहिले नव्हते.

कचरू दाराशी उभा राहून चुळबुळ करत होता. "भाऊसाहेब, येक सांगायचं व्हतं. त्या डॉक्टरचं..."

"दप्तर सगळं बोलतंय. तू कशाला मधी बोलतो?" मच्छिंद्रराव म्हणाले. "शेवटची एसटी निघून जाईल. पळ."

कचरू आज्ञाधारक होता. तो पळाला. मच्छिंद्ररावांनी कोरा कागद घेतला आणि लिहिले: (१) हे खरे नाही. सदर दवाखान्यात डॉक्टर कार्यरत असून गेल्या दोन वर्षांत ६३१६ जनावरांवर उपचार करण्यात आलेले आहेत. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही. खाली सही केली. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

मंगळवारी नागपुरात काय घडले, ते बुधवारच्या पेपरात आले. त्या दिवशी मंत्रिमहोदयांचे ग्रह ठीक नव्हते. पहिल्या चार प्रश्नांवर 'माहिती घेण्यात येत आहे' सांगून सांगून त्यांची जीभ दमली होती, आणि विरोधी बाके चेकाळली होती. पाचवा प्रश्न रुईखांबचा निघाला. उत्तरात चक्क आकडा होता, तोही पुरता. मंत्र्यांनी तो दोनदा वाचला. आमदारांनी उठून उपप्रश्न विचारला, की एका खेड्यातला एक डॉक्टर इतकी जनावरे तपासू शकतो यावर मंत्रिमहोदयांचा स्वतःचा तरी विश्वास आहे काय. यावर मंत्रिमहोदय भरात आले. नुसता विश्वास नाही, ते म्हणाले, अशा कर्तव्यदक्ष डॉक्टरचा सव्वीस जानेवारीला रुईखांबमध्ये जाऊन मी स्वतः सत्कार करणार आहे. बाके वाजली.

कचेरीत पेढे वाटले गेले. साहेबांनी मच्छिंद्ररावांच्या पाठीवर हात ठेवला. सत्काराची पत्रिका छापायची, तर डॉक्टरांचे शिक्षण आणि सेवेचा तपशील हवा, म्हणून मच्छिंद्ररावांनी जालन्याला विचारणा केली. आठवड्याने उत्तर आले. सदर डॉक्टर दोन वर्षांपूर्वी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त झाले असून हल्ली ते मुलाकडे पुण्याला असतात.

मच्छिंद्ररावांनी ते पत्र घडी करून खिशात घातले. ते मिळेल त्या गाडीने रुईखांबला पोहोचले. दवाखान्याच्या ओट्यावर कचरू एका वासराच्या तोंडात बांबूच्या नळीने औषध ओतत होता.

"डॉक्टर रिटायर झाला, हे तू मला सांगितलं न्हाई," मच्छिंद्रराव म्हणाले.

"तेच सांगून राह्यलो व्हतो त्या दिशी. तुमी पळ म्हणले."

"मंग त्यांचं नाव रोज कोण लिहितं?"

"मीच की. डॉक्टरसाहेब जाताना म्हणले, कचरू, दप्तर बंद पडू देऊ नको. ह्या रकान्यात त्याईचंच नाव असायचं. बदला म्हणून कोनी सांगितलं न्हाई." कचरूने वासराचे तोंड पुसले. "आपल्या मनानं दप्तरात फेरफार कसा करावा?"

आणि ती सहा हजार तीनशे सोळा जनावरे? ती खरीच होती. वीस वर्षे डॉक्टरांसाठी जनावरे धरता धरता कचरूचा हात बसला होता. पोटफुगी, खुरकूत, अडलेली गाय, काटा रुतलेला बैल, जे दारात येई त्याचे तो करी. गावाला डॉक्टर नव्हता हे खरे होते आणि जनावरांवर उपचार झाले हेही खरे होते. मच्छिंद्ररावांनी दोन्हींची गाठ मारून मंत्र्यांच्या तोंडी एक पूर्ण खोटे दिले होते.

साहेबांपुढे उभे राहून त्यांनी सगळे सांगितले. डोळ्यांसमोर बेबीनंदाचा मांडव होता. साहेबांनी उठून केबिनचे दार लावून घेतले. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली माहिती चुकीची होती, असे पत्र वर पाठवायचे म्हटले तर ते जालना, औरंगाबाद, मुंबई असे चढत जाणार आणि प्रत्येक पायरीवर एकेक मान जाणार. ते कुणीच लिहिणार नव्हते. पण उत्तर बदलता येत नसले, तरी गाव बदलता येते. साहेबांनी जालन्याला फोन लावला, जालन्याच्या साहेबांनी पुढे लावला, आणि एकाही कागदावर काही न येता सगळ्यांना सगळे समजले.

सात अर्जांनी जे झाले नव्हते, ते नऊ दिवसांत झाले. डॉक्टर बद्रीनाथ नावाचा एक तरुण, हातात बदलीचा हुकूम आणि एक सुटकेस घेऊन रुईखांबला उतरला. आपल्याला इतक्या तातडीने का आणले, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. सव्वीस जानेवारीला त्याला गावात येऊन आठच दिवस झाले होते.

समारंभ झकास झाला. मंत्रिमहोदयांनी डॉक्टरला शाल पांघरली, नारळ दिला आणि सहा हजार तीनशे सोळा हा आकडा भाषणात तीनदा उच्चारला. डॉक्टर लाजून मान खाली घालत होता, तो त्याचा नम्रपणा आहे असे बाहेरून आलेल्या पाहुण्यांना वाटले. शाल-नारळाचे ताट धरून कचरू मागे उभा होता. फोटो काढताना फोटोग्राफरने त्याला जरा बाजूला व्हायला सांगितले, आणि तो झाला. मच्छिंद्ररावांनी खुर्चीत बसल्या बसल्या कपाळाचा घाम पुसला. नोकरी वाचली होती. फक्त ताट धरणाऱ्याकडे बघायचे त्यांनी टाळले, कारण त्यांना लाज वाटत होती.

पुढचे सगळे नियमाने झाले. डॉक्टर वाईट नव्हता. पण सत्कार झालेल्या दवाखान्याची तपासणी कधीही होईल या धास्तीने त्याने कचरूला ताकीद दिली, की परिचराने औषधाला आणि सुईला हात लावायचा नाही. कचरूने लावला नाही. आणि डॉक्टरला दवाखान्यात बसायला सवड मिळेना. एका डॉक्टरने दोन वर्षांत सहा हजार तीनशे सोळा जनावरे कशी तपासली, हे सांगण्यासाठी आज त्याला अंबडला बोलवत, उद्या जालन्याला, परवा औरंगाबादच्या प्रशिक्षणाला. बिचारा जाई आणि काहीतरी सांगे. ऐकणारे वहीत उतरून घेत.

मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू झाले. त्या आठवड्यात एका सकाळी गोजरबाई मच्छिंद्ररावांच्या टेबलापुढे येऊन उभ्या राहिल्या. मच्छिंद्ररावांना वाटले, डॉक्टर मिळाला म्हणून आभार मानायला आल्या असतील. ते संकोचून म्हणाले, की त्यात माझे काही नाही, शासनाचे काम आहे.

"माझी म्हैस मेली," गोजरबाई म्हणाल्या.

मच्छिंद्ररावांनी पेन खाली ठेवले.

"पोट फुगलं व्हतं. डॉक्टर भाषणाला गेल्ते. कचरूला म्हणलं, तू कर. त्यानं हात जोडले, म्हणला मला मनाई हाय. म्हैस पाय झाडून राह्यली अन तो तिच्या मानेशी बसून रडून राह्यला. ह्याच्या आधी दोनदा त्यानंच वाचवलं व्हतं तिला."

 अठरा वर्षांत मच्छिंद्ररावांनी किती गावांची उत्तरे लिहिली होती, पण उत्तराखालचे जनावर असे समोर येऊन कधी मेले नव्हते. त्यांनी चाचरत विचारले, की आता माझ्याकडून काय पाहिजे.

"आमदारसाहेब रुईखांबचा सवाल पुन्ना टाकणार हायेत. तो तुमच्याकडंच येतो म्हणं." गोजरबाईंनी टेबलावर हात टेकले. "मागल्या टायमाला तुमी लिहिलं, डॉक्टर हाय. तर नऊ दिवसांत डॉक्टर आला. आता लिहा, डॉक्टर न्हाई. म्हणजे न्हाई व्हईल. आमचा कचरू आमाला बराबर हाय."

मच्छिंद्ररावांनी त्यांना समजावून पाहिले. सरकारी काम असे चालत नाही, डॉक्टर असताना नाही म्हणून लिहिणे म्हणजे सभागृहाची फसवणूक, आणि त्यांच्या घरी तर वैशाखात लग्न आहे. बाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"खोटं कसं लिहू, बाई?" शेवटी ते म्हणाले.

"पयलं लिहिलं, ते खरं व्हतं का?"

"तेव्हा मला खरं वाटलं होतं."

"मंग आता बी वाटू द्या," गोजरबाई म्हणाल्या.

 मच्छिंद्ररावांनी एकदा साहेबांच्या बंद दाराकडे पाहिले, एकदा समोरच्या कोऱ्या कागदाकडे. गोजरबाईंना घाई नव्हती. त्यांनी भिंतीजवळचा बाक पुढे ओढला, पदर सावरला आणि ते लिहायला लागेपर्यंत बसायच्या तयारीने बसल्या.